बेरजेत न बसलेला दगड

ब्राझीलच्या स्वातंत्र्याचा जनक म्हणून जोसे बोनिफासियोचे नाव घेतले जाते. मला मात्र हा माणूस जवळचा वाटतो तो त्याच्या दगडांच्या वेडामुळे.

१७६३ साली सांतोस या बंदरगावी तो जन्मला, पोर्तुगालात कोइंब्राला शिकला. १७९० पासून सरकारी खर्चाने तो दहा वर्षे युरोपभर खाणी पाहत हिंडला. स्वीडनमधल्या ऊटो बेटावर लोखंडाच्या जुन्या खाणी होत्या. तिथले दोन दगड निराळे आहेत हे त्याने ओळखले आणि १८०० साली पेटलाइट व स्पोड्युमीन या नावांनी त्यांची नोंद केली. खनिजशोधाची पहिली पायरी आजही हीच: रंग, कठीणपणा, फुटण्याची तऱ्हा पाहायची आणि नीट लिहून ठेवायचे.

१८१७ साली स्टॉकहोमला आर्फवेडसन पेटलाइटचे पृथक्करण करू लागला, तर घटकांची बेरीजच जुळेना! बँकेत हयात गेल्याने मला त्याची तगमग कळते. त्या फरकातूनच नवा धातू निघाला, लिथियम.

बोनिफासियो १८१९ मध्ये मायदेशी परतला, १८२२ मध्ये मंत्री झाला. गुलामगिरी संपवण्याचा मसुदा त्याने लिहिला; पण १८२३ मध्ये संविधानसभाच बरखास्त झाली आणि त्याच्या नशिबी हद्दपारी आली. १८३८ मध्ये तो गेला. गुलामगिरी संपायला १८८८ साल उजाडले.

आज बॅटऱ्यांसाठी लागणारे लिथियम त्याच्याच देशात, मिनास जेराइस प्रांतात, स्पोड्युमीनमधून काढतात. त्याच्या दोन्ही नोंदी खऱ्या ठरल्या. वटल्या मात्र त्याच्या माघारी.