मायफळाच्या पोटातला जीव

बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे फळच, अशी माझी समजूत थेट नातवाच्या बारशापर्यंत होती. खरे तर ती ओकच्या झाडावर आलेली गाठ. मायफळाला बारीक भोक दिसले, तर आतली इवली गांधीलमाशी उडून गेली असे समजावे.

अशा गाठींचा शास्त्रीय उलगडा केला तो इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगीने. हा बोलोन्याचा वैद्य १६२८ सालचा. बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्याने १६६१ मध्ये दाखवल्या, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला ओळखतात. मला मात्र गाठी चिरत बसणारा माल्पिगी अधिक जवळचा वाटतो. मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, हे १६६८ मध्ये दाखवणारा रेडीसुद्धा इथे अडला होता. गाठीतली अळी झाडच निर्माण करते, असे तो मानी. माल्पिगीने ओकच्या कळीत अंडी घालणारी मादीच पाहिली. ते सारे १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले.

बोलोन्यात मात्र वैरीच फार. त्यात १६८४ मध्ये घराला आग लागली. सूक्ष्मदर्शक, टिपणे, सगळे गेले. साठी उलटल्यावर, १६९१ मध्ये, पोपचा वैद्य म्हणून तो रोमला गेला आणि १६९४ मध्ये तिथेच वारला. मागे राहिलेले लेखन १६९७ मध्ये छापले गेले, तेही लंडनलाच.