लिंकनच्या बापजाद्यांची जमीन

अब्राहम लिंकन मराठी घरांत शिरला तो एका पत्रातून. आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना त्याने लिहिलेले म्हणून जे पत्र ओळखले जाते, ते वसंत बापटांच्या मराठी रूपात शाळाशाळांच्या भिंतींवर लागले, दिवाणखान्यांत चौकटीत बसले, निरोपसमारंभांत वाचले गेले. पत्र सुंदर आहे, यात वाद नाही. अडचण एवढीच, की लिंकनच्या खंडच्या खंड छापलेल्या पत्रव्यवहारात ते कुठेच सापडत नाही. गंमत पाहा, न लिहिलेला कागद ज्याच्या नावावर जगभर फिरतो, त्या माणसाला स्वतःच्या आईवडिलांच्या लग्नाचा कागद मात्र हयातीत पाहायला मिळाला नाही. आपले घराणे मुळात कुठले, हेही त्याला आजोबांच्या मागे नीटसे सांगता येत नसे.

मी नोकरीची बरीच वर्षे बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. सातबारा, फेरफार, वारसनोंद, चतुःसीमा वाचता वाचता त्यांतून माणसे वाचायची सवय लागली. त्यामुळे लिंकनची चरित्रे वाचताना माझे लक्ष व्हाइट हाऊसपेक्षा त्याच्या वडिलांच्या शेतांकडेच अधिक गेले. या घराण्याचा माग ज्या कागदांतून लागला, ते बहुतेक जमिनीचेच कागद आहेत. त्या कागदांनी थॉमस लिंकन नावाच्या एका शेतकरी बापाला उशिरा का होईना, पण न्याय दिला. मला सांगायची आहे ती ही गोष्ट.

मूळ पुरुष सॅम्युअल लिंकन. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातील हिंगहॅम गावचा. विणकराकडे उमेदवारी करणारा हा पोरगा १६३७ साली जहाजाने अमेरिकेत आला. (इकडे तेव्हा शिवराय सात वर्षांचे होते.) मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या गाववाल्यांनी हिंगहॅम याच नावाचे नवे गाव वसवले होते, तिथे तो स्थिरावला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय लोहारकाम करी. नातवाचेही नाव मॉर्डेकाय. तो न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात गेला. पणतू जॉन १७६८ च्या सुमारास व्हर्जिनियाच्या शेनँडोआ खोऱ्यात उतरला. जॉनचा मुलगा अब्राहम, म्हणजे आपल्या लिंकनचा आजोबा, १७८२ च्या सुमारास डोंगर ओलांडून केंटकीत आला. त्याचा मुलगा थॉमस आणि थॉमसचा मुलगा राष्ट्राध्यक्ष अब्राहम. सात पिढ्यांचे हे घराणे पश्चिमेकडे सरकतच राहिले.

आजोबा अब्राहम बऱ्यापैकी जमीनदार होता. केंटकीत त्याने पाच हजार एकरांहून अधिक जमिनीवर हक्क मिळवले होते. जमिनीच्या एका परवान्यावर त्याचे आडनाव चक्क लिंकहॉर्न असे पडले आहे. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. आपल्याकडे एकाच भावकीतल्या तिघांची आडनावे तीन तऱ्हांनी लागतात, तसेच हे.

मे १७८६ मध्ये हा अब्राहम तीन मुलांना घेऊन शेतात पेरणी करीत होता. झाडीतून इंडियन मूळनिवाशांची गोळी आली आणि तो जागीच कोसळला. मधला मुलगा मदत आणायला गढीकडे पळाला. थोरल्याने झोपडी गाठून बंदूक उचलली. आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताशेजारीच थांबला होता. त्याला उचलू पाहणाऱ्या इंडियनाला थोरल्याने झोपडीतून टिपले, म्हणून थॉमस वाचला. इथे एक गोष्ट विसरता येत नाही. झाडीतून गोळी झाडणाऱ्यांच्याही बापजाद्यांची ती भूमी होती आणि त्यांची नोंद तर कुठल्याच दप्तरात नव्हती.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता आणि तिथल्या जुन्या वारसा कायद्याने बापाची जमीन थोरल्या मुलाकडे गेली. थॉमसच्या वाट्याला काही आले नाही. मजुरी करीत, या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे राहत तो वाढला. शाळा नाही. पुढे सुतारकाम शिकला. हातात चार पैसे जमताच त्याने पहिली गोष्ट केली ती शेत घेण्याची. १८०३ साली मिल क्रीकजवळ २३८ एकर. १२ जून १८०६ रोजी त्याने नॅन्सी हँक्सशी लग्न केले. १८०८ च्या अखेरीस त्याने सिंकिंग स्प्रिंग येथे सुमारे तीनशे एकरांचे दुसरे शेत घेतले. तिथल्या लाकडी झोपडीत १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अब्राहमचा जन्म झाला.

मग हा माणूस गरीब कसा राहिला? उत्तर केंटकीच्या जमीनमोजणीत आहे. व्हर्जिनिया सरकारने जमिनीचे परवाने वाटले. पण जागा शोधणे, मोजून घेणे आणि नोंदवणे घेणाऱ्यावरच सोडले. हद्दी लिहिल्या जात त्या झाडांवरून, ओढ्यांवरून, दगडांवरून. खूण केलेल्या ओकपासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून अमुकाच्या कोपऱ्यापर्यंत. झाड पडले, ओढ्याने वळण बदलले, की हद्द गेली. एकाच तुकड्यावर दोघा-तिघांचे दावे चढले. घराच्या कौलांसारखा एक दावा दुसऱ्यावर बसलेला. ज्याला वकील परवडे त्याची जमीन.

थॉमसचे तीनही व्यवहार याच कचाट्यात सापडले. मिल क्रीकच्या मोजणीत चूक निघाली आणि ३८ एकर गेले. सिंकिंग स्प्रिंगवर आधीच्या व्यवहारातले जुने देणे निघाले. प्रकरण कोर्टात गेले आणि शेत हातचे गेले. १८११ पासून तो नॉब क्रीकला कसत होता. लिंकनच्या बालपणीच्या पहिल्या आठवणी याच शेतातल्या. तिथे फिलाडेल्फियाच्या एका धनिकाच्या वारसांनी दहा हजार एकरांवर हक्क सांगून थॉमससह शेजाऱ्यांवर दावा लावला. जमिनीची पारख असलेला, पैसे मोजून देणारा खरेदीदार. पण कागद कच्चा. असे शेतकरी टेबलापलीकडे बसलेले मी पाहिले आहेत. दोष त्यांच्या हातांत नसतो, त्यांच्या फायलीत असतो.

१८१६ च्या डिसेंबरात थॉमसने ओहायो नदी ओलांडली आणि बायको व दोन मुलांसह इंडियानाच्या जंगलात बिऱ्हाड हलवले. पुढे लिंकनने स्वतः लिहून ठेवले, की हे स्थलांतर काही अंशी गुलामगिरीमुळे होते. पण मुख्य कारण केंटकीतल्या जमिनीच्या मालकीची भानगड हेच होते. इंडियानात केंद्र सरकारने आधी मोजणी करून, चौरस आखून मग जमीन विकायला काढली होती. १८१७ मध्ये थॉमसने व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत १६० एकरांची नोंद केली. भाव एकरी दोन डॉलर, पैसे हप्त्याने. त्या वर्षअखेर त्याने ८० डॉलर भरले. पुढचे हप्ते जमेनात, तेव्हा त्याने निम्मी जमीन सोडून दिली आणि उरलेले ८० एकर स्वच्छ करून घेतले. १८२७ मध्ये त्याची सरकारी सनद हाती आली. थकबाकीदार न होता शेत वाचवायची ही रीत. सही जेमतेम करता येणाऱ्या माणसाने ती निभावली, याचे माझ्यातल्या बँकवाल्याला कौतुक वाटते.

पण त्या जमिनीने मोबदलाही मोठा घेतला. ऑक्टोबर १८१८ मध्ये नॅन्सी वारली. रानातली विषारी वनस्पती गाईंनी खाल्ली, की त्यांच्या दुधातून होणारा तो आजार. थॉमसने शवपेटी केली. तिला लागणाऱ्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमने तासल्या, असे सांगतात. पुढच्या वर्षी थॉमसने केंटकीला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केले. सावत्र आईने या पोराला आपले मानले, त्याच्या वाचनाची पाठराखण केली.

बापलेकांचे मात्र जमले नाही. सगळी शाळा मिळून लिंकनला एक वर्षही मिळाले नव्हते. बाप त्याला मजुरीवर पाठवी आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाची मजुरी बापाची. १८३० मध्ये कुटुंब इलिनॉयला आले आणि त्यानंतर वर्षभरात लिंकनने घर सोडले. मोजणीच्या घोळात ज्याच्या बापाचे वाटोळे झाले, तो मुलगा १८३३ मध्ये सरकारी मोजणीदाराचा सहायक झाला! शेते मोजली, रस्ते आखले, पीटर्सबर्ग गावाचा नकाशा केला. मग वकिली. १८४१ मध्ये त्याने बापाच्या शेतातले ४० एकर दोनशे डॉलरना विकत घेतले, मात्र आईवडील असेपर्यंत वहिवाट त्यांचीच ठेवली. १८४८ च्या अखेरीस एका कोर्टाच्या निवाड्यापायी बापाची जमीन विक्रीला जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याने वीस डॉलर पाठवले. पण सोबतच्या पत्रात कारणाविषयी शंकाही नोंदवली. जानेवारी १८५१ मध्ये थॉमस मरणपंथाला लागला. लिंकनने सावत्र भावाला कळवले, की आता भेट झाली तरी ती सुखापेक्षा क्लेशाचीच ठरेल. तो गेला नाही. अंत्यविधीलाही गेला नाही. नंतर मात्र वडिलांच्या बायबलात घरातले जन्म, लग्ने, मृत्यू त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आणि १८५३ मध्ये झालेल्या मुलाचे नाव थॉमस ठेवले. माणसाच्या मनातला हिशेब असा दोन वह्यांत लिहिलेला असतो.

घराण्याचे कुतूहल त्यालाही होतेच. १८४८ मध्ये काँग्रेसचा सदस्य असताना त्याने मॅसॅच्युसेट्सच्या हिंगहॅममधील सॉलोमन लिंकन या इतिहासकाराला आणि व्हर्जिनियातील डेव्हिड लिंकन या नातलगाला पत्रे लिहून चौकशी केली. मॉर्डेकाय, अब्राहम ही नावे दोन्हीकडे फिरत होती. त्यापलीकडे धागा जुळेना. आईविषयी तो फारसे बोलत नसे. हर्नडन या त्याच्या वकिलीतील भागीदाराने पुढे लिहिले, की एकदा प्रवासात लिंकनने त्याला सांगितले होते, आपली आई ल्यूसी हँक्सला लग्नाविना झालेली मुलगी. वडिलांबद्दल लिंकनने जे मोजके लिहिले, त्यात त्यांच्या निरक्षरतेचाच उल्लेख ठळक आहे.

अध्यक्ष झाल्यावर २० मे १८६२ रोजी त्याने होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात. थॉमसने व्हिन्सेन्सला नोंदवले होते तेवढेच एकर! ती जमीनही इंडियनांकडूनच आलेली होती, हे त्या कायद्याच्या कौतुकात झाकू नये.

लिंकनच्या हत्येनंतर चरित्रकार केंटकीत पोचले आणि थॉमसचे हाल सुरू झाले. आळशी, भटक्या, कशातच जम न बसलेला असे त्याचे चित्र रंगले. मुलाची उंची वाढवायची तर बापाला खुजे करणे सोपे पडते. हार्डिन काउंटीच्या दप्तरात थॉमस-नॅन्सीच्या लग्नाची नोंद सापडेना, तेव्हा लिंकनच्या जन्माविषयीच कुजबूज सुरू झाली. कागद होता, पण शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, स्प्रिंगफील्ड गावच्या कचेरीत. लिंकनच्या मृत्यूनंतर दशकभराने तिथल्या बुकर नावाच्या कारकुनाने तो शोधून काढला. १० जून १८०६ चा पन्नास पौंडांचा लग्नाचा करारनामा. त्यावर थॉमसची सही, नॅन्सीचे पालक म्हणून रिचर्ड बेरीची सही. शिवाय जेसी हेड या धर्मोपदेशकाने लावलेल्या लग्नांच्या यादीत १२ जून ही तारीख. दोन ओळींनी कुजबुजीचे पायच काढून घेतले.

मग ली आणि हचिन्सन या संशोधकांनी १९०९ मध्ये घराण्याची वंशावळ नीट मांडली आणि लिंकनच्या हाताला न लागलेला हिंगहॅमचा धागा खरेदीखते, मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदी यांतून पक्का झाला. १९२६ मध्ये लुइस वॉरनने केंटकीतील काउंट्यांची दप्तरे उपसून थॉमसचा खरा ताळेबंद छापला. नियमित कर भरणारा, ज्यूरीवर बसणारा, जमिनी रोखीने घेणारा गृहस्थ. १८१४ च्या करयादीत त्या भागातील ९८ मालमत्ताधारकांत त्याचा क्रमांक पंधरावा होता. आणि २०१५ मध्ये हँक्स घराण्यातील स्त्रियांच्या वंशजांच्या डीएनए तपासणीने नॅन्सी ही ल्यूसीचीच मुलगी, हे दाखवून दिले. म्हणजे आईविषयी लिंकनने सांगितलेले खरे होते. बापाविषयी लोकांनी सांगितलेले तेवढे खोटे.

लिंकनचा थेट वंश आता उरलेला नाही. शेवटचा वंशज, पणतू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ, १९८५ मध्ये निपुत्रिक वारला. तो स्वतःला शेतकरी म्हणवीत असे आणि त्याचा मृत्यू झाला तो व्हर्जिनियात, जिथून आजोबा अब्राहम दोनशे वर्षांपूर्वी केंटकीकडे निघाला होता.

थॉमसला आपली बाजू मांडता आली नसती. लिहिताच येत नव्हते. त्याची बाजू मांडली ती करयाद्यांनी, पावत्यांनी आणि दोन काउंट्यांच्या कारकुनांनी. आपल्याही घराघरांत ट्रंकेच्या तळाशी अशी पिवळी पडलेली खरेदीखते, तगाईच्या पावत्या असतात. आजोबांना जमीन राखता आली नाही, वडिलांनी काहीच केले नाही, असे आपण सहज बोलून जातो. तसे बोलण्याआधी ती ट्रंक एकदा उघडावी आणि मुलांना जवळ बसवून ते कागद वाचावेत.