लाटा आल्या आणि गेल्या, तरी नगरचे मधू दंडवते राजापुरात सलग पाच वेळा कसे जिंकले?

निवडणूक जवळ आली की टीव्हीवर आणि मोबाईलवर ओपिनियन पोलचा धडाका सुरू होतो. अमुक पक्षाला इतके टक्के, तमुक पक्षाला इतक्या जागा. पण टक्के आणि जागा यांचं गणित सरळ नसतं. दोन-चार टक्के मतं इकडची तिकडे झाली की अख्खं सरकार पडतं. कधी १९ टक्के मतं मिळवूनही पक्षाच्या हाती ३१ जागाच लागतात.

हे गणित ज्यांच्या राजकीय आयुष्यात लख्ख दिसतं, असे एक नेते नगर जिल्ह्याने देशाला दिले. त्यांचं नाव प्रा. मधू दंडवते.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. समाजवादी चळवळीचे मोठे नेते अच्युतराव पटवर्धन याच नगरचे. १९४२ ला ‘चले जाव’ आंदोलन पेटलं, तेव्हा नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना इंग्रजांनी नगरच्याच भुईकोट किल्ल्यात डांबलं होतं. दंडवते तेव्हा १८ वर्षांचे होते. याच आंदोलनाने त्यांना राजकारणात ओढलं आणि ते समाजवादी झाले, ते कायमचेच.

शिक्षण भौतिकशास्त्राचं. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते अनेक वर्षं फिजिक्स शिकवत होते. सोबत चळवळही सुरू होती. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात ते होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. १९७० ला ते विधान परिषदेवर गेले.

आता येऊ राजापूरकडे.

कोकणातला राजापूर मतदारसंघ हा बॅरिस्टर नाथ पै यांचा बालेकिल्ला. १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा ते प्रजा समाजवादी पक्षाकडून तिथून निवडून आले होते. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै अचानक गेले आणि लोकसभेची निवडणूक तर तोंडावर आलेली. पक्षाने उमेदवारी दिली दंडवतेंना. जन्म नगरचा आणि नोकरी मुंबईची असा हा उमेदवार होता.

त्यात समोर इंदिरा गांधींची ‘गरिबी हटाव’ लाट होती. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तीन जागांमध्ये एक होती राजापूरची. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशात फक्त २ खासदार निवडून आले, त्यातले एक दंडवते.

लवकरच हा पक्षही उरला नाही. त्याच वर्षी समाजवाद्यांचे गट पुन्हा एकत्र आले आणि नवा समाजवादी पक्ष झाला. दंडवते जागेवरच होते, पक्षाची पाटी तेवढी बदलली.

जून १९७५ ला आणीबाणी लागली, तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी दंडवते बंगळुरूत होते. वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच होते. तिथेच त्यांना अटक झाली. दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते पुण्याच्या येरवडा तुरुंगात. दोघांचा संसार त्या काळात पत्रांवर चालला.

१९७७ ला बरेचसे विरोधक जनता पक्षाच्या छत्राखाली आले. इथे गणित नीट लक्षात घ्या. समजा १०० मतं आहेत. त्यातली ४० काँग्रेसची आणि ६० विरोधकांची. ही ६० मतं दोघांमध्ये ३०-३० वाटली गेली, तर काँग्रेस जिंकते. त्यातली ५० एकाच उमेदवाराला पडली, तर काँग्रेस हरते. लोकांचं मत तेच असतं, निकाल मात्र उलटा लागतो.

निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांनी पुढे यावरूनच एक मोजपट्टी तयार केली, ‘विरोधी एकजुटीचा निर्देशांक’. काँग्रेसविरोधी एकूण मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे किती टक्के मतं आहेत, हे त्यातून कळतं. ऐंशीच्या दशकातल्या निवडणूक अंदाजांना त्यामुळे धार आली.

१९७७ ला मतं एकवटली आणि सरकार बदललं. दंडवते रेल्वेमंत्री झाले. सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम आला तो त्यांच्या काळात. १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, तीही वर्गभेद नसलेली गाडी म्हणून.

पण जनता पक्ष आतूनच फुटला. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंचं सरकार गेलं. चरणसिंह वेगळे झाले, मधू लिमये आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारखे समाजवादी सहकारीही तिकडे गेले. दंडवते मूळ जनता पक्षातच थांबले.

फुटीची किंमत १९८० च्या निकालात दिसली. जनता पक्षाला जवळपास १९ टक्के मतं आणि ३१ जागा. चरणसिंहांच्या गटाला ९ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ४१ जागा. मतं निम्मी, तरी जागा जास्त, कारण त्यांची मतं ठरावीक भागात एकवटलेली होती, तर जनता पक्षाची देशभर विखुरलेली.

राजापूरचं वेगळेपण इथेच आहे. नाथ पैंनी बांधलेली कार्यकर्त्यांची फळी आणि मुंबईच्या चाकरमान्यांचं गावाशी असलेलं नातं दंडवतेंच्या मागे उभं राहिलं. विरोधी मत तिथे एका माणसाभोवती घट्ट होतं. १९८० ला ते जिंकले. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा नेल्या आणि जनता पक्षाचे देशात फक्त १० खासदार आले. तेव्हाही दंडवते जिंकले.

१९८९ ला जनता दलाकडून ते पाचव्यांदा निवडून आले. यावेळी काँग्रेसची मतं ४९ टक्क्यांवरून साधारण ४० वर आली, पण जागा ४०० च्या वरून थेट १९७ वर. व्ही. पी. सिंह यांचं सरकार आलं आणि दंडवते अर्थमंत्री झाले. त्यांच्या काळात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. रेल्वे खातं जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होतं. या दोघांच्या प्रयत्नांतून १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं.

सरकार मात्र बाहेरच्या टेकूवर उभं होतं. एका बाजूला भाजप, दुसऱ्या बाजूला डावे. भाजपने पाठिंबा काढला, जनता दल फुटलं आणि ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वासदर्शक ठराव १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडला. पक्षांतरबंदी कायदा १९८५ लाच आला होता, पण एक तृतीयांश आमदार-खासदार एकदम फुटले तर त्यात सूट होती. ही सूट २००३ ला रद्द झाली.

१९९१ ला राजापूरही हललं. वर्षभर आधीच्या विधानसभेत शिवसेना-भाजप युतीने ९४ जागा मिळवल्या होत्या. जनता दल आणि युती वेगवेगळे लढत होते, त्यामुळे विरोधी मतांना दुसरं घर मिळालं. काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून दंडवते हरले. १९९६ ला ही जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंनी जिंकली. समाजवाद्यांचा बालेकिल्ला इतिहासजमा झाला.

१९९६ ते १९९८ या काळात दंडवते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये, राजापूरने त्यांना नाकारल्यानंतर सात वर्षांनी. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांनी देहदान केलं होतं.

भूमिका न बदलणारा हा माणूस मंत्री असताना दोन सरकारं पडली, आणि दोन्ही वेळा आपल्याच लोकांत फूट पडली होती. त्यामुळे पुढचा ओपिनियन पोल बघताना कोणाला किती टक्के एवढंच बघू नका. उरलेली मतं किती ठिकाणी वाटली गेलीत, तेही बघा. निकाल बऱ्याचदा तिथेच लागलेला असतो.