डॉ. होमी भाभा : वडिलांची अट आणि मुलाची जिद्द

थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. मुलाने इंजिनियर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून १९२७ साली त्यांना केंब्रिजला पाठविण्यात आले. तेथे त्यांचे मन गणित व पदार्थविज्ञानात रमले. त्यांनी तसे घरी कळविले. वडिलांनी नकार दिला नाही, अट घातली : आधी इंजिनियरिंगमध्ये पहिला वर्ग मिळवावा, मग गणिताचा खर्च आपण करू. १९३० साली मुलाने अट पुरी केली आणि वडिलांनीही शब्द पाळला.

पुढे १९३७ साली भाभांनी हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. वेगवान इलेक्ट्रॉनपासून गामा किरण, गामा किरणापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉनची जोडी, अशी ही साखळी वाढत जाते. १९३९ साली ते सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली.

विद्यार्थी मित्रांनो, हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. विशिष्ट स्फटिकात किंवा प्लॅस्टिकमध्ये ते शिरले की अतिसूक्ष्म चमक होते. फोटोमल्टिप्लायर नळी ती चमक टिपते. प्रकाशाने सुटलेला एक इलेक्ट्रॉन नळीतील पट्ट्यांवर टप्प्याटप्प्याने आपटून त्याचे लाखो इलेक्ट्रॉन होतात. दोन ठिकाणच्या नळ्यांनी एकाच क्षणी संकेत दिला, तरच तो खरा धरतात. याच रीतीने १९६५ साली भाभांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २३०० मीटर खोलीवर, वातावरणातील न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. आज या नळ्या अंगठ्याएवढ्याही मिळतात. कर्करोग शोधणाऱ्या पेट यंत्रातही एकाच वेळी विरुद्ध दिशांना निघालेले दोन गामा किरण असेच क्षण जुळवून ओळखतात.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या इचलकरंजीत मुलाने लवकर मागावर उभे राहावे किंवा हमखास नोकरीचा कोर्स करावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रपंच सर्वांनाच आहे. परंतु मुलगा किंवा मुलगी वेगळी वाट मागू लागली, तर जहांगीर भाभांप्रमाणे आधी मेहनतीची अट घालावी आणि ती पुरी झाल्यावर आपला शब्द पाळावा.