अ‍ॅड्रियाटिकमधील मासे आणि व्हीतो व्होल्तेरा

व्हीतो व्होल्तेरा यांचा जन्म ३ मे १८६० रोजी इटलीतील अंकोना या बंदरगावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. आईने मामाच्या आधाराने त्यांना वाढवले. बालपण बहुतांशी फ्लॉरेन्समध्ये गेले. तेराव्या वर्षी ज्यूल व्हर्न यांची चंद्रप्रवासाची कादंबरी वाचून या मुलाने एक उद्योग आरंभला. पृथ्वी आणि चंद्र यांच्या दुहेरी आकर्षणात सापडलेला तोफगोळा कोणत्या वाटेने जाईल, हे त्याला काढायचे होते. सूत्र हाताशी नव्हते. म्हणून त्याने काळाचे बारीक तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यापुरते बल स्थिर मानले आणि गोळ्याला एकेक पाऊल पुढे नेले. अवकल समीकरण सुटले नाही तरी ते प्रत्येक जागी पुढची दिशा सांगतेच, ही जाण त्या उद्योगात होती.

घरच्यांना मुलगा व्यापारउदिमात जावा असे वाटे. तो पिसा येथे एन्रीको बेत्ती यांच्याकडे शिकला आणि १८८३ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, तेथेच यामिकीचा प्राध्यापक झाला. पुढे तुरीन, १९०० पासून रोम, १९०५ मध्ये सिनेटचे सदस्यत्व. पहिल्या महायुद्धात पंचावन्न वर्षांचे व्होल्तेरा सैन्यात दाखल झाले आणि हवाई जहाजांत पेट घेणाऱ्या हायड्रोजनऐवजी हेलियम भरावा असे त्यांनी सुचवले.

त्यांचे नाव जीवशास्त्रात नेले ते मात्र मासळीबाजाराने. त्यांचे जावई, प्राणिशास्त्रज्ञ उंबेर्तो द'आंकोना यांनी अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावरील बाजारांचे आकडे तपासले होते. फ्यूमे बंदरात मुशी, पाकट अशा भक्षक माशांचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होते. १९१८ मध्ये ते ३६ टक्क्यांवर गेले आणि १९२३ पर्यंत पुन्हा ११ टक्क्यांच्या आसपास उतरले. युद्धामुळे मासेमारी घटली होती, हे उघडच होते. पण तिचा लाभ लहान माशांना न होता त्यांना खाणाऱ्यांनाच का व्हावा?

व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये दोन समीकरणांत उत्तर मांडले. त्यांचा अर्थ आलेखाच्या कागदावर सहज उमगतो. आडव्या अक्षावर भक्ष्य, उभ्या अक्षावर भक्षक. कागदावरील प्रत्येक बिंदू म्हणजे समुद्राची एक स्थिती, आणि ती स्थिती पुढच्या क्षणी कोणीकडे सरकेल हे समीकरणे सांगतात. तेथे तेवढाच छोटा बाण काढायचा. असे शेकडो बाण काढले की दिशाक्षेत्र तयार होते. या क्षेत्रातले बाण पाण्यातल्या भोवऱ्यासारखे एका मध्यबिंदूभोवती फिरतात: लहान मासे वाढतात, मग मोठे वाढतात, मग लहान घटतात, आणि उपासमारीने मोठेही घटतात. प्रत्येक फेरीची सरासरी म्हणजे नेमका तो मध्यबिंदू.

खरी गंमत पुढे आहे. बेताची मासेमारी दोन्ही जातींना सारखी लागू केली की हा मध्यबिंदू उजवीकडे आणि खाली सरकतो; म्हणजे भक्ष्याची सरासरी वाढते, भक्षकांची घटते. जाळी थांबली की उलटे. मुशी का वाढल्या, ते उलगडले. हाच हिशेब शेतीलाही लागतो. कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागांत खवलेकिडीला ढालकिड्यांनी आवर घातला होता. पुढे डीडीटी फवारले तेव्हा ढालकिडे मेले आणि खवलेकीड उलट फोफावली. अमेरिकेत आल्फ्रेड लोट्का यांनी हीच समीकरणे स्वतंत्रपणे काढली होती, म्हणून आज दोघांची नावे जोडून घेतात. खऱ्या समुद्रात इतक्या सुबक फेऱ्या दिसत नाहीत, हा आक्षेप रास्तच आहे. पण आकड्यांचा कल कुठे, हे त्या बाणांनी दाखवले.

या काळात इटलीत मुसोलिनीची सत्ता घट्ट होत होती. व्होल्तेरा यांनी १९२५ मध्ये फॅसिझमविरोधी जाहीरनाम्यावर सही केली होती. १९३१ मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी नकार देणारे जेमतेम बारा. त्यांत एकाहत्तर वर्षांचे व्होल्तेरा होते. रोमचे अध्यापन सुटले. ज्या लिंचेई अकादमीचे ते कधीकाळी अध्यक्ष होते, तिनेही १९३४ मध्ये त्यांना बाहेर काढले. नंतरची वर्षे त्यांनी बरीचशी परदेशी व्याख्यानांत काढली. १९३८ मध्ये इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे आले. ११ ऑक्टोबर १९४० रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले आणि आरिच्चा येथील लहानशा दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.