देश नसलेल्यांना पासपोर्ट मिळवून देणारे नान्सेन कोण होते?

पासपोर्ट हरवला तर दुसरा काढता येतो. पण आपल्याच देशाने सांगितलं की तुम्ही आता आमचे नाही, तर?

डिसेंबर १९२१ मध्ये लाखो रशियन लोकांवर हीच वेळ आली. क्रांती आणि यादवी युद्धातून जीव वाचवून ते इस्तंबूल, बर्लिन, पॅरिसला पोहोचले होते. सोव्हिएत सरकारने त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. कागद नाही, म्हणून काम मिळेना, सीमा ओलांडता येईना. वर कधीही हाकलून देतील ही भीती.

त्यांच्यासाठी धावून आले नॉर्वेचे फ्रित्योफ नान्सेन.

१८६१ साली जन्मलेले नान्सेन मुळात शास्त्रज्ञ. १८८८ मध्ये त्यांनी स्कीवरून ग्रीनलंड पार केलं. १८९५ मध्ये ते उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ गेले, जिथे तोवर कुणीच पोहोचलं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्यांच्यावर युद्धकैद्यांना घरी पोहोचवायचं काम सोपवलं. त्यांनी चार लाखांहून जास्त कैदी परत पाठवले. मग १९२१ मध्ये रशियन निर्वासितांची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली.

नान्सेन यांनी नेमकी अडचण ओळखली. अन्न आणि तंबू पुरवून भागणार नव्हतं, या लोकांना ओळख हवी होती. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात देशांनी एका प्रमाणपत्राला मान्यता दिली. हाच 'नान्सेन पासपोर्ट'. पुढे ५० हून जास्त देशांनी तो स्वीकारला. १९२४ पासून तो आर्मेनियन निर्वासितांनाही मिळू लागला. लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह आणि संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांच्याकडेही तो होता.

अर्थात, या कागदाने नागरिकत्व मिळत नव्हतं. सुरुवातीला तर ज्या देशाने तो दिला, तिथे परतण्याचीही हमी नव्हती.

नान्सेन यांच्यावर टीकाही झाली. १९२३ च्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तानने धर्माच्या आधारावर लोकांची सक्तीने अदलाबदल केली. ही योजना पुढे नेण्यात नान्सेन यांचा मोठा वाटा होता. रक्तपात टळावा हा हेतू होता, पण घर सोडायचं की नाही, हे त्या लोकांना कुणी विचारलंच नाही.

१९२२ चं शांततेचं नोबेल नान्सेन यांना मिळालं. बक्षिसाची रक्कम त्यांनी मदतकार्यात घातली. १३ मे १९३० रोजी त्यांचं निधन झालं.

पण काम थांबलं नाही. निर्वासिताला जिथे जिवाला धोका आहे तिथे परत ढकलू नये, आणि त्याला प्रवासाचा कागद मिळावा, या दोन्ही गोष्टी १९५१ च्या निर्वासित करारात आल्या. आज आश्रय मागणारा माणूस हक्काची भाषा बोलतो, त्यामागे नान्सेन यांनी मिळवून दिलेला तो साधा कागद आहे.