शेपटीवाल्या ताऱ्यांचा वैद्य

दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी निरीक्षकाला एक अनुभव कधी ना कधी येतोच. चित्राच्या मध्यभागी तारे टाचणीच्या टोकासारखे नेटके असतात आणि कडेकडे जावे तशा त्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात. अशा वेळी ताऱ्याच्या आकारावरून दुर्बिणीची नाडी पाहावी लागते. सगळेच तारे एका दिशेने लांबले असतील, तर बहुधा दुर्बीण फिरवणारी यंत्रणा चुकते आहे. फोकसच्या अलीकडे आडवे आणि पलीकडे उभे होत असतील, तर दोष अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा. मात्र मधले तारे ठीक आणि कडेचे तेवढे बाहेरच्या दिशेने फिसकटलेले दिसले, तर त्या विकाराचे नाव कोमा. आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत. कोमाने ग्रासलेला तारा अगदी तसाच दिसतो. या विकारावर विसाव्या शतकातला सर्वांत धाडसी इलाज शोधला तो बर्नहार्ड श्मिट या एका हाताच्या कारागिराने.

श्मिटचा जन्म ३० मार्च १८७९ रोजी एस्टोनियातील नाइसार या लहानशा बेटावर झाला. हा प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता. पंधराव्या वर्षी दारूगोळ्याशी खेळताना स्फोट झाला आणि त्याला उजवा हात गमवावा लागला. पुढे तारायंत्रावर काम कर, फोटोंना रीटच कर, असे करत तो १९०१ मध्ये जर्मनीतील मिटवाइडा येथे शिकायला आला आणि तेथेच त्याने आरसे घासण्याचा धंदा थाटला. यंत्रापेक्षा हाताच्या स्पर्शावर त्याचा विश्वास. आणि तो हातही डावा, एकटा! त्याने घडवलेला आरसा पॉट्सडॅम वेधशाळेत पोहोचला, कार्ल श्वार्त्सशिल्डसारख्या खगोलज्ञाने त्याची कदर केली. पण महायुद्धात रशियन प्रजाजन म्हणून तो स्थानबद्ध झाला, मागाहून आलेल्या चलनवाढीने धंदा बुडाला. १९२६ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या बेर्गेडॉर्फ वेधशाळेचे संचालक रिखार्ड शोर यांनी त्याला आसरा दिला. तेथेही पगारी नोकरीचे बंधन त्याने मानले नाही. मनात येईल तेव्हा काम, नाही तर लांबलचक फेरफटका आणि मद्य.

त्या काळच्या मोठ्या दुर्बिणींचे आरसे अन्वस्ताकार असत. असा आरसा अक्षावरचा तारा अचूक टिपतो, पण अक्ष सोडला की कोमा सुरू. पूर्ण चंद्र मावेल एवढ्या तुकड्यातसुद्धा कडेचे तारे बिघडत. गंमत अशी की मधला तारा सुधारण्यासाठी दिलेला आकारच कडेच्या ताऱ्यांच्या मुळावर येत होता. गोलीय आरशात मात्र, प्रकाश त्याच्या वक्रताकेंद्रातून आत घेतला, तर कोमा उरतच नाही, कारण त्याला सगळ्या दिशा सारख्याच. उरतो तो सबंध चित्रभर सारखाच पसरलेला धूसरपणा. श्मिटने ठरवले, आरसा गोलीयच ठेवायचा आणि त्या केंद्रापाशी एक पातळ काच बसवून धूसरपणा आधीच निस्तरायचा. १९२९ च्या सूर्यग्रहणासाठी फिलिपाइन्सला गेलेल्या मोहिमेत वाल्टर बाडे त्याच्यासोबत होता. ही कल्पना त्याने बाडेजवळ त्या प्रवासातच बोलून दाखवली.

कल्पना सुचणे वेगळे आणि काच घडवणे वेगळे. तिचा उंचसखलपणा डोळ्यांना जाणवू नये इतका नाजूक हवा होता. श्मिटने काच एका भांड्यावर बसवली, खालची हवा उपसून तिला किंचित वाकवले आणि वाकलेल्या अवस्थेतच घासले. हवा पुन्हा आत सोडताच काचेने उसळून हवा तो आकार घेतला! एवढी एक युक्ती त्याचे नाव राखायला पुरेशी होती, असे मला वाटते. १९३० मध्ये ३६ सेंटिमीटर छिद्राचा पहिला कॅमेरा तयार झाला. त्यात फिल्म थोडी वाकवून बसवावी लागे, कारण प्रतिमा सपाट न पडता वक्र पृष्ठभागावर पडे. पण विस्तीर्ण क्षेत्रात कडेपर्यंत तारे टिंबासारखे उमटले.

गिऱ्हाईक मात्र मिळाले नाही. १९३२ मध्ये त्याने आपली रचना छापून प्रसिद्ध केली, तरी जर्मनीत मागणी आली नाही. हलाखीतच, हॅम्बुर्गच्या मनोरुग्णालयात १ डिसेंबर १९३५ रोजी त्याचा अंत झाला. तोवर बाडे अमेरिकेत माउंट विल्सनला पोहोचला होता आणि श्मिटच्या कॅमेऱ्याची वार्ता त्याने तेथे नेली होती. दुसऱ्याच वर्षी पालोमार पर्वतावर १८ इंची श्मिट कॅमेरा उभा राहिला आणि फ्रिट्झ झ्विकीने त्याने अतिनवताऱ्यांचा शोध आरंभला. १९४८ मध्ये ४८ इंची आला. त्याने १९४९ ते १९५८ या काळात पालोमारहून दिसणारे आकाश जवळजवळ दोन हजार काचपट्ट्यांवर उतरवले आणि पुढची कित्येक दशके जगभरचे खगोलज्ञ त्या पट्ट्या चाळत राहिले. परग्रह शोधण्यासाठी २००९ मध्ये अवकाशात गेलेली केप्लर दुर्बीणही श्मिटच्याच घडणीची होती.